खोक्यावरचं ऊन

फिशटँकसाठी दिवा घ्यायला गेलं की खोक्यावर बहुधा दोन गोष्टी छापलेल्या दिसतात. '६५०० केल्विन' आणि 'डेलाईट'. आमच्या दिव्याच्या खोक्यावर तर शेजारी एक पिवळाधमक सूर्यही काढलेला आहे. दिवा पांढरा आणि सूर्य पिवळा, हे छापणाऱ्याला खटकलं नसावं.

नातेवाईक मंडळींना आमच्या टँकची कथा माहीत आहे. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. माझ्या लेकीने पहिल्या पगारातून आजीला हा टँक आणून दिला. दोन फूट लांब. आत बारा निऑन टेट्रा, चार मॉली आणि थोड्या खऱ्याखुऱ्या पाणवनस्पती. टँक आईचा आणि पाणी बदलायचं काम माझं, अशी वाटणी आहे. आई आता ८१ वर्षांची आहे. आमची बिल्डिंग ठाण्यात, नौपाड्यात. चार मजली, लिफ्ट नाही, आम्ही तिसऱ्यावर. पूर्वी आईच्या खोलीत सकाळी साडेआठपासून अकरापर्यंत ऊन यायचं. समोरच्या बैठ्या चाळीच्या जागी २०२२ साली टॉवर उभा राहिला आणि ते गेलं. तोपर्यंत आईचे गुडघेही गेले होते, त्यामुळे जिना बंद. आता तिच्या दिवसातली सगळ्यात उजेडाची वस्तू म्हणजे तो टँक. पेपरही ती तिथेच बसून वाचते.

गेल्या महिन्यात सोसायटीने बाहेरच्या बाजूने लिफ्ट बसवायचा विषय काढला. खर्च बराच आहे. घर दोघांच्या नावावर असल्यामुळे दादाला फोन केला. तो म्हणाला, "अगं, त्यापेक्षा आईच्या खुर्चीशेजारी एक चांगला फुल स्पेक्ट्रम दिवा लाव. तुमच्या टँकवर आहे तसाच, मोठा. ऊनच हवंय ना तिला?" दादा न्यू जर्सीत राहतो, तेही एडिसन नावाच्या गावात, त्यामुळे दिव्यांबद्दल त्याला विशेष विश्वास असणं साहजिक आहे. पण गंमत बाजूला ठेवली तर प्रश्न रास्त आहे. दिव्याचं ऊन आणि उन्हाचं ऊन यांत नेमका फरक काय? मी ३४ वर्षं बँकेत काढली, विज्ञानाची पदवी तेवढी त्याआधीची. पण रिकामा वेळ आहे, टँक आहे आणि आई आहे. तेव्हा बसून थोडा अभ्यास केला, त्याचा हा जमाखर्च.

आधी ते ६५०० केल्विन. लोखंड तापवलं की आधी लालबुंद, मग नारिंगी, मग पिवळसर पांढरं होतं. म्हणजे तापमान आणि उजेडाचा रंग यांची जोडी असते. जुन्या पिवळ्या बल्बची तार साधारण २७०० केल्विनला तापायची. सूर्याचा पृष्ठभाग ५८०० च्या जरासा आत आहे. मग दिवा ६५०० चा का? कारण आपल्याला दिवसा मिळतो तो नुसता सूर्याचा प्रकाश नसतो, त्यात निळ्या आकाशाचा उजेड मिसळलेला असतो. दोन्ही मिळून सरासरी ६५०० च्या आसपास जाते.

पण गोम अशी आहे की एलईडीच्या आत काहीही ६५०० केल्विनला तापलेलं नसतं. हात लावला तर तो कोमट लागतो. खोक्यावरचा आकडा एवढंच सांगतो की माणसाच्या डोळ्याला हा प्रकाश तितक्या तापलेल्या वस्तूच्या प्रकाशासारखा 'दिसतो'. त्यात काय काय आहे, हे तो आकडा सांगत नाही.

हे मला बँकेच्या भाषेत लगेच पटलं. डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीनच प्रकारच्या. समजा तीन खिडक्या आहेत आणि प्रत्येक खिडकी फक्त दिवसअखेरची बेरीज वर पाठवते. बेरीज दहा हजार. ती शंभराच्या नोटांची होती, पाचशेच्या होती की सगळी चिल्लर होती, हे वरच्या साहेबाला कळायचा मार्ग नाही. तीन बेरजा जुळल्या की मेंदू म्हणतो, पांढरा प्रकाश. उन्हातला पांढरा आणि दिव्यातला पांढरा यांच्या बेरजा सारख्या असतात, नोटा मात्र निराळ्या.

नोटा मोजायच्या असतील तर घरात एक साधन निघतं. जुनी सीडी! हल्ली त्या वाजवायला यंत्रच नाही, पण तिच्यावरच्या बारीक रेघा एकमेकींपासून जेमतेम १.६ मायक्रॉन अंतरावर असतात आणि प्रकाशाचे रंग सुटे करतात. बुटाच्या खोक्याला दोन ब्लेडांच्या मधली एक बारीक फट करायची, आत तिरकी सीडी बसवायची आणि वरून भोक पाडून बघायचं. (एक सूचना: सूर्याकडे हे खोकं चुकूनही रोखायचं नाही. मोकळ्या आकाशाकडे फट करायची. मुलांना करायला देताना शेजारी बसा.)

आईने आणि मी एका दुपारी हा उद्योग केला. खिडकीत वाकून टॉवरच्या बाजूने दिसणाऱ्या आकाशाच्या पट्टीकडे फट धरली. जांभळ्यापासून तांबड्यापर्यंत सलग पट्टा, कुठे खंड नाही. मग स्वयंपाकघरात अजून तगून असलेला एक जुना सीएफएल बघितला. तिथे पट्टा नाहीच! एक निळी रेघ, एक पोपटी, एक तांबडी, आणि मधे बराच अंधार. आई म्हणाली, "हा तर दात पडलेला दिसतोय." शेवटी टँकचा एलईडी. त्यात एक झगझगीत निळा पट्टा, मग एकदम काळपट दरी, आणि त्यानंतर हिरव्या-पिवळ्या-नारिंगीचा मोठा पसरट डोंगर, जो गडद तांबड्याकडे पोचेपर्यंत विरून जातो.

याचं कारण सोपं आहे. पांढरा एलईडी मुळात निळाच असतो, साधारण ४५० नॅनोमीटरचा. त्याच्यावर पिवळसर पावडरीचा लेप असतो. थोडा निळा प्रकाश लेपातून तसाच पार होतो, बाकीचा लेप गिळतो आणि पिवळा करून परत देतो. निळा अधिक पिवळा, आपल्या डोळ्याला पांढरा. दोघांच्या मधे, ४८० नॅनोमीटरच्या आसपास, ती दरी राहते. आणि दोन्ही टोकांना काही नाहीच. उन्हातली जवळजवळ निम्मी ऊर्जा तांबड्याच्या पलीकडे, डोळ्यांना न दिसणारी, नुसती ऊब म्हणून येते. थोडी जांभळ्याच्या अलीकडे अतिनील म्हणून येते. एलईडीत ही दोन्ही खाती जवळपास शून्य.

आता तुम्ही म्हणाल, मग टँकमधली झाडं जगतात कशी? तर मजेत जगतात. झाडाला हवा तो प्रकाश ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला, त्यातही हरितद्रव्य निळा आणि तांबडा जास्त ओढून घेतं. हिरवा प्रकाश पानाला नकोच असतो असं शाळेत शिकलो, ते अर्धंच खरं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मॅक्री नावाच्या शास्त्रज्ञाने बावीस प्रकारच्या पिकांची पानं घेऊन रंगवार मोजणी केली, तेव्हा हिरवाही बऱ्यापैकी उपयोगी पडतो असं दिसलं. त्यामुळे हिरव्या-पिवळ्याचा डोंगर असलेला साधा दिवाही झाडाला चालतो. प्रश्न येतो तो प्रमाणाचा आणि वेळेचा. आमचा दिवा टायमरवर आठ तास असतो. जास्त ठेवला की शेवाळाचं फावतं.

मासे आणि पोवळी यांचं तर आणखी वेगळं. खाऱ्या पाण्याचे टँक तुम्ही पाहिले असतील, ते नेहमी निळेजांभळे दिसतात. ती दुकानदाराची हौस नव्हे. पाणी तांबडा प्रकाश आधी गिळतं. दहा मीटर खाली गेलं की तांबडं फारसं उरत नाही, निळं खोलवर जातं. विजयदुर्गाच्या पश्चिमेला भर समुद्रात शंभरेक किलोमीटरवर अँग्रिया बँक म्हणून बुडालेलं पठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. तिथली पोवळी वीसेक मीटर पाण्याखाली वाढतात. त्यांच्या दृष्टीने ऊन हे निळंच. म्हणून पोवळ्यांच्या दिव्यांच्या खोक्यांवर १४,००० किंवा २०,००० केल्विन असे आकडे असतात. उलट आमचे निऑन टेट्रा मूळचे ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या झाडीखालच्या ओहोळांतले. कुजलेल्या पानांमुळे तिथलं पाणी कोऱ्या चहासारखं असतं आणि असं पाणी आधी निळाच गिळतं. त्यांच्या गावचं ऊन मंद आणि तांबूस. म्हणजे एकच सूर्य, पण पोवळ्याला निळा, निऑनला चहाच्या रंगाचा, आणि दोघांसाठी दोन वेगळी खोकी दुकानात तयार.

मला यातून उमगलं ते हे. दिवा कधीच उन्हाची नक्कल करत नाही. तो कुणा एकाला उन्हातलं जे लागतं त्याची नक्कल करतो. डोळ्यासाठी केलेला दिवा डोळ्याला फसवतो, झाडासाठी केलेला झाडाला पोसतो. तेव्हा 'फुल स्पेक्ट्रम' वाचलं की पहिला प्रश्न विचारायचा, कुणासाठी?

आमच्या बाबतीत उत्तर आहे, आईसाठी. मग आईला उन्हातलं काय काय लागतं, याची यादी केली.

पहिलं खातं ड जीवनसत्त्वाचं, कारण ऊन म्हटलं की सगळे तेच काढतात. ते कातडीत तयार व्हायला अतिनील किरणांमधला २९० ते ३१५ नॅनोमीटरचा तुकडा लागतो. तो टँकच्या दिव्यात नाही, दादाच्या दिव्यातही नसणार, आणि बंद काचेच्या खिडकीतून येणाऱ्या उन्हातही जवळपास नसतो. इतकंच काय, आपल्या आज्यांनी वाखाणलेल्या कोवळ्या उन्हातही तो फार थोडा असतो. सूर्य कललेला असताना किरणांना ओझोनमधून लांबची वाट काटावी लागते आणि हा तुकडा वाटेतच गळतो. आईला हे अजिबात पटलेलं नाही. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर हे खातं मी लिफ्टच्या बाजूला लिहिणार नाही. म्हातारपणी कातडी तशीही हे काम कमी करते आणि डॉक्टरांनी दिलेली पुडी ते भागवते आहे.

दुसरं खातं झोपेचं. आई रात्री दोन दोन वाजेपर्यंत जागी असते आणि दिवसा टँकसमोर पेंगते. डोळ्यात बघण्याच्या पेशींखेरीज आणखी काही पेशी असतात, ज्यांचं मुख्य काम शरीराला दिवस आहे की रात्र हे कळवणं. २००२ च्या सुमारास शास्त्रज्ञांना त्या नीट सापडल्या. त्यांना सगळ्यात जास्त कळतो तो ४८० नॅनोमीटरच्या आसपासचा आकाशी निळा. म्हणजे नेमकी आमच्या दिव्यातली ती दरी! दरीत अगदी अंधार नसतो हे खरं, दिवा प्रखर असेल तर काम होतं. पण प्रखर म्हणजे किती? मोबाईलवर उजेड मोजायचं ॲप घेतलं. ते काही प्रयोगशाळेतलं यंत्र नाही, पण अंदाज येतो. सकाळी दहा वाजता आईच्या खुर्चीपाशी ९० लक्स. टँकच्या काचेला नाक लावल्यावर ४००. गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत ९,०००. सावलीत हं! भर दुपारच्या उन्हात लाखाच्या घरात जातो. डोळा आपोआप जुळवून घेतो म्हणून आपल्याला खोली 'उजेडाची' वाटते, पण गच्चीवरची सावलीसुद्धा आईच्या खुर्चीच्या शंभर पट उजळ आहे.

इथे दादाचीही बाजू सांगितली पाहिजे. त्याच्याकडे डिसेंबरात चार-साडेचारला सूर्य मावळतो. हिवाळ्यातल्या उदासीसाठी त्याने डॉक्टरांच्या सल्ल्याने १०,००० लक्सचा दिवा घेतला आहे. सकाळी अर्धा तास त्याच्यासमोर बसतो आणि त्याला फरक पडला आहे. हे उपाय १९८० च्या दशकापासून अभ्यासलेले आहेत. त्यामुळे तो हवेत बोलत नव्हता. झोपेपुरता तसा दिवा आईलाही कदाचित चालेल.

तिसरं खातं रंगांचं. ते मी यादीत धरलंच नव्हतं. आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डाव्याचं व्हायचं होतं, तेव्हा मधले दोन महिने तिचा एक आवडता खेळ होता. एक डोळा झाकून बघायचं, मग दुसरा. "उजव्याने माझी साडी पांढरी आहे. डाव्याने चहात बुडवलेली." वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं आणि निळा प्रकाश अडवतं. ती इतकी वर्षं कोऱ्या चहाच्या ओहोळातून बघत होती म्हणायची! ऑपरेशननंतर निऑनच्या अंगावरची निळी रेघ पाहून ती अर्धा तास हलली नव्हती.

पण निळं परत आलं तरी तांबड्याचं काय? दिव्याच्या रंगांना गुण देतात, खोक्यावर '८०' किंवा '९०' असा आकडा असतो तो. हे गुण आठ फिकट रंगांवरून काढतात, गडद तांबडा त्यात मोजलाच जात नाही. त्यामुळे तांबड्यात नापास असलेला दिवासुद्धा ऐंशी गुण मिळवून दुकानात मिरवतो. अशा दिव्याखाली टोमॅटो जरा मळकट दिसतात, आणि माणसाची कातडीही.

हे मला खोक्यावरून कळलं नाही. मागच्या महिन्यात शेजारच्या दोघा मुलांनी खुर्चीत बसवून आईला गच्चीवर नेलं. दोन मजल्यांचा जिना, वीस मिनिटं लागली. सोसायटीच्या किल्लीसाठी तीन फोन करावे लागले ते वेगळेच. टाकीच्या सावलीच्या कडेला तिला बसवलं. थोड्या वेळाने बघते तर आई आपला हात उन्हात धरून उलटसुलट करून पाहत होती.

"काय गं, काही टोचलं का?"

"नाही. मला वाटलं होतं माझ्या अंगात रक्तच उरलं नाही."

मी काही बोलले नाही. दोन वर्षं ती पेपर वाचताना त्या दिव्याच्या उजेडात स्वतःचे हात बघत होती, आणि तिने स्वतःबद्दल काय समजूत करून घेतली होती, ते ती कुणाला बोलली नव्हती. त्या दिवशी ती हातांवरचे डाग, शिरा, बोटांच्या टोकांचा गुलाबी रंग, सगळं निवांत बघत बसली. मग खालच्या काकूंनी वाळत घातलेल्या सांडग्यांवर दोन टीका केल्या, टाकीची सावली कुठे सरकली यावरून साडेअकरा झाले असं सांगितलं (अकरा पस्तीस झाले होते), आणि ऊन लागतंय म्हणून खाली न्यायला लावलं. रात्री लवकर झोपली. एका रात्रीवरून मी सिद्धांत मांडत नाही.

तर दादा, जमाखर्च असा आहे. ड जीवनसत्त्वाला पुडी आहे. झोपेला तुझ्यासारखा दिवा आहे. उबेला शेकाची पिशवी आहे. रंगांसाठी जास्त गुणांचा महागडा दिवा मिळतो. प्रत्येक खात्याला वेगळी वस्तू आहे आणि प्रत्येक वस्तू आपापलं काम करते. पण ही खाती मला माहीत झाली म्हणून. हातांचं खातं माझ्या यादीतच नव्हतं. यादीत नसलेल्या गोष्टीचा दिवा कुठल्या दुकानात मागायचा? गच्चीवर ते न मागता मिळालं. अजून कोणती खाती आपल्याला दिसत नाहीत, कोण जाणे.

येत्या रविवारी सोसायटीची सभा आहे. मी लिफ्टच्या बाजूने हात वर करणार आहे. शिवाय नकाशात लिफ्ट चौथ्या मजल्यापर्यंतच दाखवली आहे, ती गच्चीपर्यंत न्या, असंही म्हणणार आहे. त्याचे पैसे थोडे जास्त पडतील. तुझ्या वाट्याचं काय ते शनिवारपर्यंत कळव. आणि ज्या कुणाच्या सोसायटीत अशी बाहेरून लिफ्ट बसवली असेल त्यांनी आपला अनुभव जरूर लिहा, विशेषतः गच्चीपर्यंतच्या परवानगीचा.

टँकचा दिवा मात्र आहे तिथेच, आठ तासांच्या टायमरवर राहील. माशांना गच्चीवर न्यायचा आमचा काही विचार नाही. त्या उन्हात आठवड्याभरात पाणी हिरवंगार होईल, आणि ते बदलायचं काम माझं आहे.